क्षयरोग्याच्या शिध्याचे सहा महिने

गेल्या आषाढापासून सहा महिने, महिन्यातून एकदा, माझ्या बहिणीच्या तासगावच्या घरी एक पिशवी येत होती. सरकारी कागदावर तिला पोषण आहाराची टोपली म्हणतात. प्रत्यक्षात ती दात्याचे नाव छापलेली पांढरी पिशवी असते आणि तिच्यात क्षयरोगाच्या एका रुग्णाचा महिन्याचा कोरडा शिधा असतो. रुग्ण म्हणजे माझी भाची, वय चोवीस. एखादी वस्तू वापरून झाल्यावर तिचे गुणदोष लिहावेत, त्याच रीतीने मी या शिध्याविषयी लिहीत आहे, कारण औषधांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि या पिशवीविषयी मात्र वाटपाच्या बातमीपलीकडे काही वाचायला मिळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. आलेली वस्तू आधी काट्यावर ठेवायची आणि मगच तिच्याविषयी बोलायचे, ही खोड तेव्हापासूनची आहे.

भाचीचे दुखणे पुण्यात सुरू झाले. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी ती तीन वर्षे सदाशिव पेठेत राहत होती. तिथल्या मुलामुलींमध्ये मेसचा एक डबा दुपारी अर्धा आणि रात्री अर्धा खाण्याची पद्धत आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि पैशांची ओढाताण हे त्याचे पहिले कारण असते. आमच्या मुलीच्या बाबतीत मात्र हे कारण पुढे मागे पडले आणि दुसरेच काही त्याच्या जागी आले. पैसे पाठवले तरी ती खाईना. पोट भरले की अभ्यास होत नाही, अंग जड वाटते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, असे ती सांगू लागली. दिवाळीला घरी आली तेव्हा फराळाचे ताट तिने हातात घेतले, चारचौघांत फिरवले आणि तसेच ओट्यावर ठेवून दिले. आम्ही त्याला अभ्यासाचा ताण म्हणत राहिलो. मानसोपचारतज्ज्ञांनी नंतर त्याला खाण्याचा विकार म्हटले, आणि हा शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी उच्चारलाही नव्हता.

फेब्रुवारीत खोकला सुरू झाला तो जूनपर्यंत गेला नाही. ज्या डॉक्टरांकडे ती जात होती त्यांनी ताप नाही म्हणून खोकल्याची बाटली दिली. मग हातावर क्षयासाठीची माँटू ही त्वचाचाचणी झाली आणि तिथे गाठ उठली नाही, तेव्हा क्षयाचा विषय संपला असे सर्वांनी धरले. जीवशास्त्राची शिक्षिका असून मीही तसेच धरले, याची मला अजून टोचणी आहे. ताप येणे आणि हातावर गाठ उठणे या दोन्ही गोष्टी शरीराने दिलेल्या प्रत्युत्तराच्या खुणा आहेत. जंतू शरीरात आहे की नाही हे त्यांतून थेट कळत नाही, तर शरीर त्याच्याशी लढत आहे का, एवढेच कळते. फार खंगलेल्या शरीराजवळ लढण्याचे सामानच उरलेले नसते, म्हणून ताप येत नाही आणि चाचणीही खोटीच नकारार्थी येते. अखेर तासगावला आणून थुंकीची ट्रूनॅट चाचणी केली. हे छोटे यंत्र गोव्यातील वेर्ण्याच्या कंपनीने विकसित केलेले आहे आणि जंतूचा जनुकीय अंशच शोधत असल्यामुळे त्याला रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून राहावे लागत नाही. निकाल त्याच दिवशी आला. तेव्हा तिची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन साडेचाळीस किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साधारण १६.२; प्रौढ माणसासाठी १८.५ ही किमान मर्यादा धरली जाते.

शिध्याचे मोल ठरवायचे तर अन्नाचा आणि फुफ्फुसांच्या संरक्षणाचा संबंध नीट पाहावा लागतो, कारण बहुतेक नातेवाईक या पिशवीकडे ‘अशक्तपणा भरून काढणारा खुराक’ म्हणून पाहतात आणि गोळ्यांना खरे औषध मानतात. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसल, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म धागे असतात आणि त्यांवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. आत आलेली धूळ आणि जंतू या थरात अडकतात व केसल ते वर घशाकडे ढकलत राहतात. अ जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडले की हे अस्तर बदलते, केसल नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी त्वचेसारख्या चपट्या, कोरड्या पेशी येतात. अस्तरावर पाझरणारी प्रतिपिंडेही कुपोषणात घटतात. ही झाली बाहेरची वेस. क्षयाचा जंतू इतक्या बारीक तुषारांतून येतो की तो ही वेस चुकवून थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोहोचतो, आणि तिथे पहारा असतो तो भक्षक पेशींचा.

या भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण क्षयाचा जंतू गिळल्यानंतरही मरत नाही. तो त्या पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतो. त्याला मारायचे तर टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींनी येऊन त्या भक्षक पेशीला चेतवावे लागते, आणि हे काम त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाच्या रसायनाद्वारे करतात. टी-पेशी ज्या थायमस ग्रंथीत तयार होतात ती ग्रंथी उपासमारीत इतकी आक्रसते की जुन्या वैद्यकीय लेखनात तिला ‘पोषणाअभावी झालेले थायमसचे उच्चाटन’ असे म्हटलेले आढळते. शरीरातील चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक बनवते. चरबी संपली की लेप्टिन खाली येते, आणि टी-पेशींना वाढण्यासाठी, लढाऊ रूप घेण्यासाठी लेप्टिनचाही आधार लागत असल्याने त्या मंदावतात. प्रथिने आणि जस्त कमी पडले की नव्या पेशींची वीण थांबते. ड जीवनसत्त्व नसेल तर भक्षक पेशी कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन पुरेसे बनवू शकत नाहीत. भारतात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू गेलेला आहे, असे २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. त्यांतील बहुतेकांना रोग होत नाही, कारण टी-पेशी आणि भक्षक पेशी मिळून जंतूभोवती तटबंदी करतात. ही तटबंदी एकदा बांधली की कायमची उभी राहते असे नाही. तिची रोज डागडुजी करावी लागते, आणि डागडुजीचा माल ताटातून येतो. बीएमआय एका अंकाने घटला की क्षयाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असा अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज आहे.

उपासमारीने बिघडते ती केवळ प्रतिकारशक्ती नव्हे, फुफ्फुसाची रचनाही बिघडते. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत नाझींनी लोकांना उपाशी ठेवले तेव्हा तिथल्या ज्यू डॉक्टरांनी, स्वतः उपाशी असताना, १९४२ साली उपासमारीचा शास्त्रीय अभ्यास केला. शवविच्छेदनात त्यांना काही तरुण मृतांच्या फुफ्फुसांतही वायुकोशांच्या भिंती विरून पोकळ्या झालेल्या दिसल्या. हा बदल एरवी म्हाताऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत दिसतो. त्याच वस्तीत क्षय झालेल्यांची त्वचाचाचणी अनेकदा नकारार्थी येत असे, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. अन्न नाकारण्याच्या विकाराने खंगलेल्या रुग्णांच्या स्कॅनमध्येही अलीकडच्या काळात तशाच प्रकारचे बदल दिसले आहेत. भूक दुसऱ्याने लादलेली आहे की मनाच्या आजाराने आतून लादलेली आहे, हा भेद फुफ्फुसाला कळत नाही. त्यातच श्वासपटलाचा, म्हणजे फुफ्फुसांखालच्या पडद्याचा, स्नायू झिजतो, खोकल्याचा जोर जातो आणि कफ आतच राहतो. माझी भाची जूनमध्ये खोकत असे तेव्हा शेजारच्या खोलीत ऐकू येत नसे. खोकला कमी झाला, असे आम्हाला वाटले होते.

आता पिशवीकडे येते. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. शिध्याची पिशवी ही निराळी गोष्ट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियानात कोणीही व्यक्ती, संस्था किंवा उद्योग ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या संमतीने त्याला निदान सहा महिने शिधा देऊ शकतो. प्रौढ रुग्णासाठी सुचवलेला मासिक शिधा असा आहे: ३ किलो धान्य किंवा भरडधान्य, दीड किलो डाळी, पाव किलो खाद्यतेल, आणि १ किलो दूध पावडर किंवा त्याऐवजी ६ लिटर दूध अथवा १ किलो शेंगदाणे, शक्य असल्यास ३० अंडी. म्हणजे पैसे सरकारचे आणि धान्य दात्याचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे, आणि कित्येक रुग्णांना पहिली मिळते तर दुसरी मिळत नाही. आम्हाला दोन्ही मिळाल्या, हे आधीच सांगितले पाहिजे.

पहिल्या पिशवीत ज्वारी २ किलो ९०० ग्रॅम, तांदूळ नाही, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा किलो, तेलाची पाव किलोची पिशवी आणि शेंगदाणे १ किलो भरले. शंभर ग्रॅम ज्वारीची तूट मी कोणाच्या नावावर लावत नाही. सुट्या मापात तेवढे होतेच. ज्वारी चांगली होती, टपोरी आणि स्वच्छ, आणि तासगावकडच्या घरात गव्हाऐवजी ज्वारी देणाऱ्याला जेवणाची जाण आहे असेच म्हणावे लागेल. तूरडाळ शिजायला वेळ घेई. दुसऱ्या महिन्यात मूगडाळीत सोंडकिडे निघाले, ते उन्हात घालून आणि चाळून गेले.

शेंगदाण्यांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या पिशवीतील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे आणि सर्वांत धोक्याचीही तीच. किलोभर दाण्यांत सुमारे अडीचशे ग्रॅम प्रथिने आणि साडेपाच हजारांवर कॅलरी असतात. एवढ्या पैशांत दुसरे काही मिळणार नाही. ज्याला थोडेच खाववते त्याच्यासाठी तर थोडक्यात पुष्कळ देणारे हे अन्न आहे. दाण्याचे कूट आमटीत, भाजीत, थालीपिठात, ताकात कुठेही जाते आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु तिसऱ्या महिन्यातले दाणे दमट होते, काहींवर हिरवट बुरशी होती आणि चव खवट होती. दाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते यकृतावर आघात करते. क्षयाच्या पहिल्या फळीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जड असतात. निरोगी घरात असे दाणे निवडून, भाजून वापरले जातात, पण या रुग्णाच्या हाती ते पडू देऊ नयेत, आणि भाजल्याने हे विष पुरते जातही नाही. मी तो सगळा किलो उकिरड्यावर टाकला आणि बाजारातून नवे दाणे आणले. ज्या घरात दुसरा किलो विकत आणण्याची ऐपत नाही, तिथे तो टाकला गेला असता का, हा प्रश्न मी दात्याच्या कार्यकर्त्याला विचारला. तो तरुण मुलगा होता. त्याने वाद घातला नाही, पुढच्या वेळी दाणे हवाबंद पाकिटात आले. याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

हिशेब मांडला तर असे दिसते. सर्व शिधा एकट्या रुग्णाने खाल्ला असे धरले, तरी ३ किलो धान्याच्या साधारण १०,२०० कॅलरी, डाळींच्या ५,१००, तेलाच्या २,२५० आणि दाण्यांच्या ५,६०० मिळून महिन्याला २३,००० च्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे दिवसाला सुमारे ७७०. प्रथिने दिवसाला २८ ग्रॅमच्या जवळपास पडतात. नेहमीच्या जेवणावर घातलेली भर म्हणून हे वाईट नाही, पण ज्याचे नेहमीचे जेवणच नाही त्याला हे पुरणारे नाही. तुलनेसाठी झारखंडमधील ‘रॅशन्स’ हा प्रयोग पाहावा. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तिथल्या चार जिल्ह्यांत सुमारे २,८०० रुग्णांच्या घरी शिधा दिला आणि त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे रुग्णासाठी महिन्याला सुमारे १० किलो शिधा होता, दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने देणारा, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. आमच्या पिशवीचे वजन त्या शिध्याच्या साधारण निम्मे होते. वर सांगितलेला हिशेब मी बहिणीला समजावला तेव्हा ती म्हणाली, “अगं, पण घरात पातेलं एकच असतं ना?” त्या एका वाक्याने माझे सगळे भागाकार कोसळले. डाळ घरात आली की ती सर्वांची होते. आईने स्वतःच्या ताटात पाणीदार आमटी वाढून घ्यायची आणि खालची दाट मुलीला द्यायची, हीच काय ती रुग्णाची खास व्यवस्था.

क्षय आणि अन्न यांचा संबंध आमच्या भागात नवा नाही, हे इथे आठवते. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते आणि आमच्या आजोबांच्या पिढीत ‘मिरजेला ठेवलंय’ एवढे म्हटले की दुखणे कोणते ते कळत असे. औषध नव्हते तेव्हा दूध, अंडी, विश्रांती आणि मोकळी हवा हाच उपचार होता. औषधे आली आणि १९५९ मध्ये मद्रासच्या प्रसिद्ध चाचणीने दाखवले की गोळ्या नियमित घेतल्या तर घरी, निकृष्ट आहारावर राहणारे रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. त्या निष्कर्षाने लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण जेवणाकडे पाहायचे कारण उरले नाही, असाही त्याचा अर्थ पुढे अनेकांनी लावला. जंतू गोळ्यांनी मरतो हे खरे आहे. झिजलेला श्वासपटल आणि आक्रसलेला थायमस गोळ्यांनी भरून येत नाहीत.

खात्यातल्या पैशांविषयी थोडक्यात. उपचार सुरू होताना ३,००० रुपये आणि ८४ दिवसांनंतर ३,००० असे दोन हप्ते असतात. आमचा पहिला हप्ता खाते आधारशी नीट जोडलेले नसल्याने उशिरा आला. दुसरा वेळेवर आला. त्या पैशांतून आम्ही रोज दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध लावले, आणि त्यातले दूध महिनाअखेर घरच्याच पैशांवर चालू राहिले. महिन्याला हजार रुपयांत दोन्ही बसत नाहीत.

आता मुख्य तक्रार, आणि ती धान्याविषयी नाही. ही पिशवी भूक लागलेल्या माणसासाठी तयार केलेली आहे. माझ्या भाचीला भूक लागत नव्हती. तिला अन्नाची भीती वाटत होती, आणि ज्वारीच्या पोत्यासमोर बसवूनही ती उपाशी राहिली असती. पहिल्या पिशवीबरोबर कार्यकर्त्याने छापील पत्रक दिले, त्यावर ‘भरपूर खा’ असे लिहिले होते. तिच्यासाठी तो सल्ला निरुपयोगी तर होताच, शिवाय अपायकारकही ठरला असता. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न ओतले की पेशी रक्तातले फॉस्फेट भराभर ओढून घेतात. ते घसरले की हृदय आणि श्वासपटल दोन्ही दुबळी होतात, आणि ज्या श्वासासाठी हा खटाटोप चालला आहे तोच अडचणीत येतो. सुदैवाने जिल्हा पातळीवरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत तिच्या ताटाविषयी विचारले, उत्तरे देताना ती खाली पाहते हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी रक्तातील क्षार तपासायला लावून, ब१ जीवनसत्त्व देऊन, दोन आठवड्यांत पायरीपायरीने आहार वाढवला. मानसोपचारतज्ज्ञांकडेही त्यांनीच पाठवले. सुरुवात पेजेने झाली, मग मूगडाळीची खिमट खिचडी, मग अर्धी भाकरी आणि दाण्याची आमटी. माझी बहीण रोज तिच्याबरोबर जेवायला बसायची, स्वतः जेवायची, आणि ताटाविषयी एक शब्दही बोलायची नाही; ही शेवटची अट आहारतज्ज्ञ बाईंनी घातली होती आणि आमच्या बोलक्या घरात तीच पाळायला सर्वांत अवघड गेली. हे सारे त्या पिशवीच्या रचनेत कुठेच नाही. ते एका दक्ष बाईमुळे आमच्या वाट्याला आले.

गोळी देताना रुग्णाचे वजन पाहून मात्रा ठरवतात, ती घेतली का याची नोंद होते, यकृत तपासले जाते. शिध्याला यांपैकी काहीच लागू नाही; ४० किलोच्या मुलीला आणि ६० किलोच्या गड्याला तीच पिशवी, आणि दिल्यानंतर वजन वाढले का हे पिशवी देणारा विचारत नाही. आमच्या सहा पिशव्यांपैकी एकीबरोबरही वजनकाटा आला नाही. कॅमेरा मात्र दोनदा आला. पहिल्या वाटपाला रुग्णांना रांगेत उभे करून, पिशवी हातात धरून, मान्यवरांसोबत छायाचित्र काढायचे होते. चोवीस वर्षांच्या, लग्नाच्या वयाच्या, स्वतःच्या शरीराकडे आरशातही पाहू न शकणाऱ्या मुलीने त्या रांगेत का उभे राहावे, हे मला पटवून देणारा तिथे कोणी नव्हता. मी तिला रिक्षात बसवले आणि पिशवी स्वतः घेतली. दुसऱ्यांदा तीच विनंती झाली तेव्हा पिशवी नको असे सांगितले. ती संध्याकाळी गुपचूप घरपोच आली. देणाऱ्यांची नियत वाईट होती असे मी म्हणत नाही. चांगल्या धान्याला लाज चिकटली की ते घशाखाली उतरत नाही, आणि आमच्या रुग्णाच्या घशाखाली तर ते आधीच उतरत नव्हते.

गुण द्यायचेच तर धान्याला पाचपैकी चार, डाळीला साडेतीन, दाण्यांना पहिल्या महिन्यात पाच आणि तिसऱ्यात शून्य, तेलाला दोन, कारण पाव किलो तेल ही खंगलेल्या माणसाच्या हिशेबात चेष्टाच आहे. संपूर्ण सेवेला मी तीन देईन. ही पिशवी नसती तर आम्ही अडलो असतो असे नाही. पण दर महिन्याला ती दाराशी आली की घरातल्या सर्वांना, आणि मुख्य म्हणजे तिला, जेवण हा उपचाराचाच भाग आहे हे पुन्हा दिसत असे. घेणाऱ्यांसाठी माझ्या दोनच सूचना आहेत: दाणे उजेडात एकेक करून निवडा, आणि पिशवी आली त्या दिवशी रुग्णाचे वजन पिशवीवरच पेनने लिहून ठेवा. आम्ही तसे लिहिले. जुलैत साडेचाळीस, सप्टेंबरात त्रेचाळीस, डिसेंबरात साडेअठ्ठेचाळीस. ऑक्टोबरात तिचा खोकला परत शेजारच्या खोलीत ऐकू आला तेव्हा आम्ही घाबरलो. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आता कफ बाहेर काढण्याइतका जोर आला आहे.

शेवटच्या पिशवीच्या दिवशी काटा बाहेर होता म्हणून मी सहज बहिणीलाही त्यावर उभी केली. एकोणचाळीस किलो. सहा महिने वरची पातळ आमटी खाणारी ती, त्याच घरात, त्याच खोलीत झोपणारी, आणि तिचे वजन या काळात कोणीच केले नव्हते, मीही नाही. झारखंडच्या त्याच प्रयोगात रुग्णाच्या घरातील दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला होता, आणि ज्या घरांत कुटुंबीयांनाही शिधा मिळाला तिथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले होते. हे मी वाचलेले होते. २०२४ पासून निक्षय मित्रांना कुटुंबीयांसाठीही शिधा देता येतो, हेही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिची थुंकी आणि छातीचा एक्स-रे तपासून घेतला, दोन्ही स्वच्छ निघाले, आणि प्रतिबंधक गोळ्यांसाठी तिचे नाव नोंदवले. त्या तरुण कार्यकर्त्याला मी फोन केला. “मावशींसाठी पाठवतो,” तो म्हणाला, “ज्वारीच ना?” मी म्हटले, ज्वारीच, आणि तेल जरा जास्त.